वर्डप्रेस पक्कं येतं, आता ड्रुपल शिकायचंय: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे कोल्हापुरातच, राजारामपुरीत बसून स्वतंत्रपणे वेबसाइटची कामं करतात. वर्डप्रेसमध्ये बरीच वर्षं गेलीत, स्वतःच्या थीम आणि प्लगिन लिहिलेत, पीएचपीचा हात चांगला बसलाय. आता पुण्याच्या एका कंपनीकडून ड्रुपलचं, म्हणजे वर्डप्रेससारख्याच दुसऱ्या साइट बांधायच्या प्रणालीचं, काम येतंय. शिवाय मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत पेढीला रोजचे भाव, आवक आणि जुन्या नोंदी दाखवणारी मराठी-इंग्रजी साइट जुन्या साइटच्या जागी हवी आहे. व्हिडिओ पाहून झाले, पण डोक्यात काही बसत नाही. "पीएचपी तीच, एचटीएमएल तेच, मग मला नवशिक्यासारखं का वाटतंय? आणि किती दिवस लागतील?"

दिवसांचं आधी सांगतो, म्हणजे त्याचा घोर राहणार नाही. रोज दोन तास नेटानं दिलेत तर कोड न लिहिता पडद्यावरूनच साइट उभी करणं महिन्याच्या आत जमेल. स्वतःचं मॉड्यूल (ड्रुपलमधलं प्लगिन) न अडखळता लिहायला तीन-चार महिने धरा. आणि "मला ड्रुपल येतं" असं छातीठोकपणे म्हणायला एक साइट चालू ठेवून तिचं एक मोठं अपग्रेड हातून गेलेलं असावं लागतं. त्याला जवळचा रस्ता नाही.

नवशिक्यासारखं वाटतंय त्याचं कारण मात्र तुमच्या अनुभवातच आहे. तुम्ही प्रत्येक ठिकाणी "वर्डप्रेसमधलं अमुक इथं कुठंय?" असं शोधताय. पहिले चार दिवस उत्तरं मिळतात. कस्टम पोस्ट टाइपच्या जागी कंटेंट टाइप, प्लगिनच्या जागी मॉड्यूल, मेन्यूच्या जागी मेन्यू. पाचव्या दिवशी तुम्ही वर्डप्रेस थीममधली फंक्शन्स डॉट पीएचपी ही कोडची फाइल शोधायला लागता, थीमच्या फाइलीत सगळा व्यवहार कोंबता, आणि थीम बदलली की निम्मी साइट बंद पडते. ड्रुपलमध्ये थीमच्या फाइलीत फक्त दिसण्याचं काम करायचं असतं, बाकी सगळं मॉड्यूलमध्ये जातं. अशा जोड्या लावत बसलात की प्रत्येक फरक तुम्हाला ड्रुपलची खोड वाटेल. त्यामागचा विचार दिसणारच नाही.

म्हणून माझा सल्ला असा की थीम, रंगरूप, तयार मॉड्यूलांच्या याद्या हे सगळं बाजूला ठेवा. कोणतीही नवी सीएमएस (साइटचा मजकूर सांभाळणारी प्रणाली) हातात आली की तिला तीन गोष्टी विचारायच्या: तू मजकूर कसा साठवतेस, सेटिंग कुठं ठेवतेस, आणि मागणी आल्यावर पान कसं बांधतेस व ते किती वेळ लक्षात ठेवतेस. याच क्रमानं. तुमच्या गुळाच्या साइटवरच हे करून पाहू, म्हणजे सरावही होईल आणि कामही पुढं सरकेल.

पेढीच्या एका दिवसाच्या नोंदीत काय असतं? तारीख, गुळाची प्रत, किमान भाव, कमाल भाव, आवक. चार प्रती धरल्या तर दिवसाच्या चार ओळी. वर्डप्रेसमध्ये तुम्ही काय केलं असतं ते मला माहीत आहे, कारण आपण सगळे तेच करतो: "दैनिक भाव" नावाचा पोस्ट टाइप, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स या प्लगिनचा रिपीटर (पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या ओळींचा गट), रिपीटरमध्ये चार रकाने. पडद्यावर छान दिसतं. आता डेटाबेसमध्ये डोकावून बघा. प्रत्येक मूल्याची पोस्टमेटा टेबलात एक ओळ, आणि ते मूल्य कोणत्या फील्डचं हे सांगणारी आणखी एक. चार प्रती गुणिले चार रकाने म्हणजे १६ मूल्यं, त्यांच्या ३२ ओळी, वर रिपीटरच्या स्वतःच्या दोन. एका दिवसाला ३४. वर्षात ३०० दिवस सौदे धरले तर दहा हजारांच्या वर ओळी, आणि यात रिव्हिजन (नोंदीच्या जुन्या आवृत्त्या) धरलेल्याच नाहीत. त्यातून भावाचा आकडा ज्या रकान्यात पडतो तो लांब मजकुराचा रकाना, त्यावर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) नाही. "गेल्या महिन्यात एक नंबर गुळाचा सरासरी कमाल भाव किती?" असं शेठजींनी विचारलं की तुम्हाला मजकुराचे आकडे करत, रिपीटरच्या क्रमांकांशी झटापट करत क्वेरी लिहावी लागते.

ड्रुपल इथं वेगळा वागतो. प्रत्येक फील्डला स्वतःचं टेबल मिळतं. दशांश प्रकारचं फील्ड केलं तर रकाना खरोखरच दशांशाचा होतो, मूळ ठेवणीत एकूण दहा अंक आणि त्यातले दोन दशांशानंतरचे. प्रत हे टॅक्सॉनॉमीतल्या (वर्गवारीच्या शब्दसंग्रहातल्या) शब्दाकडं बोट दाखवणारं फील्ड. एक दिवस, एक प्रत, एक नोंद अशी मांडणी केलीत की व्ह्यूज या याद्या बनवणाऱ्या मॉड्यूलमध्ये तारखेचा गाळणा, प्रतीवर गट आणि कमाल भावाची सरासरी हे सगळं एक ओळ कोड न लिहिता निघतं. व्ह्यूज २०१५ च्या ड्रुपल ८ पासून गाभ्यातच आहे. बऱ्याच अनुभवी पीएचपीवाल्यांना ते माउसनं करायचं काम म्हणून कमी वाटतं आणि ते टाळून थेट क्वेरी लिहितात. तसं करू नका. व्ह्यूजच्या सेटिंगमध्ये तयार झालेली एसक्यूएल (डेटाबेसला विचारलेली क्वेरी) दाखवायची सोय आहे, ती चालू करा आणि प्रत्येक बदलानंतर ती वाचा. ड्रुपल मजकुराकडं कसा बघतो हे मला तरी कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या एसक्यूएलनं जास्त शिकवलं.

त्याच एसक्यूएलमध्ये तुम्हाला याची किंमतही दिसेल. पाच फील्ड म्हणजे क्वेरीत पाच टेबलांचे जोड. शिवाय रिव्हिजनची वेगळी टेबलं. दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या नोंदी आत आणल्या की हे जाणवायला लागतं. मग विचार करायचा की भावाची नोंद नोड असायला हवी का? नोड म्हणजे स्वतःचं पान असलेला मजकूर: लेखक, प्रकाशित-अप्रकाशित, पत्ता, रिव्हिजन. १२ डिसेंबरच्या दोन नंबर गुळाच्या भावाचं स्वतंत्र पान कुणी उघडणार आहे का? नाही. मग ती स्वतःची कस्टम एंटिटी (आपण ठरवलेला नोंदींचा प्रकार) असावी, जिचे सगळे रकाने एकाच टेबलात बसतात. तुमच्या प्रकल्पात मी शेवटी हेच करीन. पण शिकताना आधी नोडच करा, व्ह्यूज लावा, नोंदी भरा, आणि मग तेच काम कस्टम एंटिटीनं पुन्हा करा. या दोन वेळा केलेल्या एकाच कामातून एंटिटी, बंडल, फील्ड, बेस फील्ड हे शब्द पाठ न करता अंगवळणी पडतील.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. वर्डप्रेसमधून आलेली मंडळी रिपीटरची सवय घेऊन पॅराग्राफ्स मॉड्यूलकडं धावतात. ते मॉड्यूल चांगलं आहे, पण ज्या तुकड्याला त्या पानाबाहेर अस्तित्व नाही अशासाठी: फोटो आणि ओळ, प्रश्न आणि उत्तर. भावाच्या ओळीला स्वतंत्र शोध हवा, सरासरी हवी, आलेख हवा. तिला पॅराग्राफमध्ये कोंडू नका. दुसरं, फील्डचं मशीन नेम (कोडमधलं नाव) रोमन लिपीत असतं, पुढच्या "फील्ड" या जोडासकट ३२ अक्षरांत बसवावं लागतं आणि नंतर ते सहज बदलता येत नाही. कागदावर आधी यादी करा, पेढीच्या दिवाणजींना दाखवा, तेच शब्द वापरा. ते "आवक" म्हणत असतील तर तुम्ही "क्वांटिटी" लिहून ठेवू नका. दोन वर्षांनी तुमच्या जागी आलेल्या माणसाला पेढीवरचं बोलणं आणि कोडमधलं नाव एकच दिसलं पाहिजे.

आता सेटिंग. वर्डप्रेसमध्ये सेटिंग आणि मजकूर एकाच डेटाबेसमध्ये मिसळलेले असतात, त्यामुळं "लोकलवरचा (आपल्या यंत्रावरचा) बदल लाइव्हवर कसा न्यायचा" याचं उत्तर बहुतेक वेळा "तिथं जाऊन पुन्हा टिचक्या मारायच्या" असं असतं. ड्रुपलमध्ये कंटेंट टाइप, फील्ड, व्ह्यूज, परवानग्या, मेन्यूची चौकट हे सगळं कॉन्फिगरेशन आहे आणि ते यामल या साध्या मजकुराच्या फाइलींत बाहेर काढता येतं. ड्रश या कमांड लाइनच्या साधनाच्या सीईएक्स आज्ञेनं बाहेर काढा, गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) टाका, सर्व्हरवर ड्रश डिप्लॉय चालवा. ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावा, एकटेच काम करत असलात तरी. बदल केल्यावर कोणत्या यामल फाइलीत काय हललं हे गिटच्या फरकात वाचणं हा ड्रुपल समजून घ्यायचा दुसरा उत्तम मार्ग. एका चौकोनात टिचकी मारली आणि तीन फाइली बदलल्या, तर त्या तीन का, हे शोधा.

कॉन्फिगरेशन आणि मजकूर यांतली सीमा नेमकी कुठं पडते हे मात्र नीट लक्षात ठेवा, कारण पहिल्या प्रकल्पात सगळे इथंच अडतात. टॅक्सॉनॉमीचा शब्दसंग्रह कॉन्फिगरेशनमध्ये जातो, पण त्यातले शब्द मजकूर. म्हणजे "गुळाची प्रत" हा संग्रह सर्व्हरवर पोचेल, पण "एक नंबर", "दोन नंबर" हे शब्द पोचणार नाहीत. मेन्यू कॉन्फिगरेशन, पण पडद्यावरून टाकलेल्या त्यातल्या लिंक मजकूर. ब्लॉक कुठं ठेवायचा हे कॉन्फिगरेशन, पण हातानं लिहिलेल्या ब्लॉकचा मजकूर मात्र मजकूरच. त्यामुळं लोकलवर ब्लॉक लिहून, जागेवर ठेवून, कॉन्फिग पाठवलंत की लाइव्हवर "हा ब्लॉक तुटला आहे किंवा सापडत नाही" असा संदेश येतो. घाबरायचं कारण नाही, जागा पोचली आणि वस्तू मागं राहिली इतकंच. तसंच दोन्हीकडच्या साइटचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) एकच लागतो, म्हणून लाइव्हची प्रत घेऊनच लोकल उभं करा, नव्यानं इन्स्टॉल करून जुळवत बसू नका. आणि लाइव्हवर कुणी हौसेनं एखादी सेटिंग बदलली तर पुढच्या आयातीत ती पुसली जाणार. पेढीच्या लोकांना तेवढे अधिकारच देऊ नका. त्यांना नोंदी भरायच्या आहेत, व्ह्यूज बदलायचे नाहीत.

तिसरी गोष्ट पानाची, आणि इथंच अनुभवी माणसाची खरी कसोटी लागते. ड्रुपल ८ पासून आतलं इंजिन सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कच्या सुट्या भागांवर चालतं. मागणी येते, रूट (पत्ता कोणत्या कोडकडं जातो तो नियम) जुळतो, कंट्रोलर (तो कोड) चालतो. पण कंट्रोलर एचटीएमएल देत नाही, तो पानाचं वर्णन करणारा रेंडर अ‍ॅरे देतो. आपल्याला इको करून मोकळं व्हायची सवय. इथं शेवटच्या क्षणापर्यंत पान हे अ‍ॅरेच राहतं, म्हणजे वाटेत दुसरं मॉड्यूल त्यात हात घालू शकतं. मग प्रीप्रोसेस (टेम्प्लेटसाठी मजकुराची तयारी), मग ट्विग ही टेम्प्लेटची भाषा. ट्विगचं डीबग चालू केलंत की कोणता तुकडा कोणत्या टेम्प्लेटमधून आला आणि त्याऐवजी कोणत्या नावाची फाइल ठेवता येईल हे एचटीएमएलच्या टिपणांत दिसतं. १०.१ आवृत्तीपासून त्यासाठी प्रशासनात स्वतंत्र पान आहे. थीमिंगबद्दल सुरुवातीला एवढं पुरे.

खरा विषय कॅश, म्हणजे एकदा बांधलेलं पान लक्षात ठेवून पुन्हा देणं. समजा तुम्ही मुखपृष्ठावर "आजचे भाव" असा ब्लॉक लिहिलात. आत थेट डेटाबेस क्वेरी, निकाल टेबलात. लॉगिन केलेल्या तुम्हाला कालपर्यंत सगळं ठीक दिसलं, कारण तुम्ही दर बदलाला कॅश पुसत होता. लाइव्हवर दिवाणजी सकाळी नवे भाव भरतात, आणि गावाकडून फोनवर बघणाऱ्या शेतकऱ्याला कालचेच भाव दिसतात. ज्या साइटवर बघून माणूस गूळ आज आणायचा की उद्या हे ठरवणार, तिथं ही बारीकसारीक चूक नाही.

यावर वर्डप्रेसची सवय सांगते की कॅशचं प्लगिन बंद करा किंवा वेळ कमी करा. ड्रुपलची रीत वेगळी. प्रत्येक तुकड्यानं स्वतः सांगायचं असतं की मी कशावर अवलंबून आहे. त्यासाठी तीन गोष्टी: टॅग, म्हणजे कोणता मजकूर बदलला की मी शिळा होतो. कॉन्टेक्स्ट, म्हणजे भाषा, वापरकर्ता, पत्ता यांपैकी कशानं मी बदलतो. आणि मॅक्स-एज, म्हणजे किती वेळ मी ताजा. तुमच्या ब्लॉकनं "नोड लिस्ट" हा टॅग, त्यातही फक्त भाव या प्रकारचा, जाहीर केला की नवा भाव जतन होताच तो ब्लॉक आणि तो असलेलं प्रत्येक पान आपोआप रद्द होतं. तुकड्याचे टॅग वर वर चढत पानापर्यंत पोचतात, हीच या रचनेतली सगळ्यात सुंदर गोष्ट. भाषेचा कॉन्टेक्स्ट विसरलात तर मराठी पानावर इंग्रजी टेबल दिसेल.

एक बारकावा इथं सांगायलाच हवा. "मॅक्स-एज शून्य लिहिलं की झालं" असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. लॉगिन न केलेल्या वाचकांसाठी जो इंटर्नल पेज कॅश असतो तो ब्लॉकच्या मॅक्स-एजला जुमानत नाही, टॅगला मात्र मानतो. म्हणजे शून्य लिहूनही शेतकऱ्याला शिळंच पान जाईल. टॅग नीट लावणं हाच खात्रीचा उपाय. आणि तपासणी नेहमी लॉगिन नसलेल्या खिडकीतून करा.

हे तिन्ही कळलं की मॉड्यूल लिहायला बसा, पण त्याआधी गाभ्यातलं एखादं छोटं मॉड्यूल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मी "बॅन" सुचवतो. ठरावीक आयपी पत्ते अडवायचं साधं काम, पण त्यात रूट आहे, परवानगी आहे, फॉर्म आहे, सर्व्हिस आहे, स्वतःचं टेबल आहे आणि मागणी आत येण्याआधीच अडवणारा मिडलवेअर आहे. एका संध्याकाळी वाचून होतं. अनुभवी माणसाला शिकवण्यांपेक्षा कोड लवकर कळतो, त्या अनुभवाचा फायदा इथं घ्या.

नेटवर आणि एआयच्या उत्तरांत जुना ड्रुपल फार मिसळलेला असतो. ड्रुपल ७ आलं २०११ मध्ये आणि त्याचा अधिकृत आधार संपला ५ जानेवारी २०२५ ला. इतकी वर्षं लिहिलेली उत्तरं जाणार कुठं? ८ मध्ये आतलं सगळं बदललं. हा बदल काहींना इतका खटकला की त्यांनी जुन्या वळणाची बॅकड्रॉप ही वेगळी सीएमएस काढली. तेव्हा एखाद्या उत्तरात "ड्रुपल सेट मेसेज" किंवा "डीबी क्वेरी" असं नुसतं फंक्शन दिसलं तर ते उत्तर सोडून द्या. ९ पासून ती फंक्शन्स राहिलेली नाहीत. उलट अगदी नव्या उदाहरणांत हुक (मॉड्यूलला मधेच हात घालू देणारा कोड) हे क्लासमध्ये, वर अ‍ॅट्रिब्यूट लावून लिहिलेले दिसतील. ती सोय ११.१ पासूनची. दोन्ही पद्धती ओळखता आल्या पाहिजेत, कारण पुण्याच्या कामात तुम्हाला जुना कोडच जास्त भेटेल. जानेवारी २०२५ मध्ये "ड्रुपल सीएमएस" नावाचा बऱ्याच गोष्टी आधीच जोडून दिलेला संचही आला. ग्राहकाला दाखवायला तो देखणा आहे. शिकायला मात्र कोरं ड्रुपलच घ्या, नाहीतर कोणती गोष्ट गाभ्यातली आणि कोणती बाहेरून आणलेली हे कळायलाच वेळ जाईल.

मराठीपुरतं आता. हा भाग परदेशी शिकवण्यांत नसतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

पेढीच्या जुन्या नोंदी आणि मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असण्याची दाट शक्यता आहे. ते युनिकोड नाही. त्यात अक्षरं दिसण्याच्या क्रमानं ठेवलेली असतात, म्हणजे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमानं, व्यंजनाच्या नंतर. रूपांतर झालं की पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं असलेले शब्द निवडून डोळ्यांनी तपासा. त्यानंतरही एक चोर उरतो: "शेतकऱ्यांना" मधला अर्धा र. तो कुणी ऱ या एका अक्षरानं टाइप केलेला असतो, कुणी र आणि नुक्ता जोडून, कुणी र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक वापरून. पडद्यावर तिन्ही सारखे, शोधात तिन्ही वेगळे. पहिल्या दोघांना पीएचपीचा नॉर्मलायझर एक करतो, तिसऱ्यासाठी स्वतः बदल लिहावा लागतो. हे काम ड्रुपलच्या नोंदी आत आणायच्या सोयीच्या, म्हणजे मायग्रेट एपीआयच्या, मधल्या टप्प्यात, प्रोसेस प्लगिन म्हणून बसवा. मायग्रेटचा मोठा गुण म्हणजे आणलेली प्रत्येक नोंद कुठून आली हे तो लिहून ठेवतो, त्यामुळं चुकलं तर सगळं मागं घेऊन पुन्हा आणता येतं. हाताशी सीएसव्ही असेल तरी हाच मार्ग धरा, एकदाच चालणारी स्क्रिप्ट लिहू नका.

शोधाचीच आणखी एक गंमतशीर पण महत्त्वाची गोष्ट. ड्रुपलच्या गाभ्यातला शोध तीन अक्षरांपेक्षा लहान शब्द सूचीत घेत नाही, ही त्याची मूळ ठेवण. "गूळ" मध्ये मात्रा धरून तीन चिन्हं आहेत, तो बसतो. "ऊस" मध्ये दोनच. कोल्हापूरच्या साइटवर ऊस शोधून सापडला नाही तर कसं चालेल! मर्यादा दोनवर आणा आणि सूची पुन्हा बांधून घ्या.

पत्त्यांचंही बघा. वर्डप्रेसमध्ये मराठी शीर्षकाचा पत्ता टक्केचिन्हांच्या रूपात साठतो. देवनागरीचं एक चिन्ह नऊ जागा खातं आणि रकाना २०० चा, म्हणजे बावीसेक चिन्हांत पत्ता तुटतो. ड्रुपलमध्ये पाथऑटो मॉड्यूल लावलं की रोमन लिप्यंतर होतं. पण होणारं स्पेलिंग आपल्या सवयीचं असेलच असं नाही, म्हणून महत्त्वाच्या पानांचे पत्ते हातानं द्या. आणि जुने मराठी पत्ते लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले असतात, त्यांना नव्याकडं वळवायला विसरू नका.

दोन भाषांसाठी बाहेरचं काही लागत नाही. त्यासाठीची चार मॉड्यूल गाभ्यातच आहेत. बहुतेक वर्डप्रेस प्लगिनमध्ये दोन भाषांचे दोन वेगळे पोस्ट जोडलेले असतात, इथं नोंद एकच आणि भाषांतर फील्डवार. शीर्षक आणि टिपण भाषांतर होणारं ठेवा, भाव आणि आवक न होणारं. म्हणजे आकडा एकदाच भरायचा आणि दोन्हीकडं तोच दिसणार. देवनागरी अंक हवे असतील तर ते फक्त दाखवताना बदला, साठवताना कधीही नाही.

होस्टिंगचं आधीच बोलून घ्या. ड्रुपल ११ ला पीएचपी ८.३ आणि मायएसक्यूएल ८ किंवा मारियाडीबी १०.६ लागतो. गावातल्या बऱ्याच ग्राहकांकडं असलेल्या स्वस्त सामायिक होस्टिंगवर एसएसएच (सर्व्हरवर दुरून आज्ञा चालवायची सोय) नसतं, मेमरी कमी असते, आणि तिथं कंपोझर (पीएचपीची पॅकेजं आणणारं साधन) चालवणं म्हणजे डोकेदुखी. कंपोझर नेहमी स्वतःच्या यंत्रावर चालवा, लॉक फाइल गिटमध्ये ठेवा, आणि बाहेरून फक्त "वेब" फोल्डरच दिसेल अशी मांडणी करा. लहानसा व्हीपीएस (स्वतंत्र आभासी सर्व्हर) घ्यायला ग्राहकाला पटवा, आणि पटत नसेल तर ड्रुपलचा आग्रह सोडा. चपलांच्या दुकानाची पाच पानांची साइट, एखाद्या खानावळीचं मेन्यूकार्ड, यांना वर्डप्रेसच योग्य. नवं शिकलो म्हणून ते ग्राहकाच्या गळ्यात मारणं मला पटत नाही. ड्रुपल तिथं घ्यावा जिथं मजकुराला रचना आहे, माणसं वेगवेगळ्या अधिकारांची आहेत आणि नोंदी वर्षानुवर्षं जपायच्या आहेत. गुळाची पेढी त्यात बसते.

देखभालीचा वार्षिक करार लेखी हवाच. ड्रुपलच्या सुरक्षा सूचना बुधवारी निघतात, आपल्याकडं तेव्हा रात्र झालेली असते. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपल ७ मध्ये एसक्यूएल इंजेक्शनची (परक्याला क्वेरीत आज्ञा घुसवू देणारी) त्रुटी जाहीर झाली. त्यानंतर सुरक्षा पथकानं स्पष्ट सांगितलं होतं की घोषणेपासून सात तासांत दुरुस्ती न केलेली प्रत्येक साइट फोडली गेली असं समजून चाला. सात तास, म्हणजे आपण झोपून उठेपर्यंत. तेव्हा बुधवारची रात्र किंवा गुरुवारची पहाट कुणी सांभाळायची हे ग्राहकाशी बोलून ठेवा आणि त्याचे पैसे लावा.

दोन कामांपैकी पुण्याचं आधी घ्या. तिथं तुमचा कोड कुणीतरी जाणता माणूस तपासून मगच आत घेईल. कोल्हापुरात एकट्यानं काम करताना नेमकं तेच मिळत नाही. ड्रुपल डॉट ओआरजीवर एखाद्या मॉड्यूलचा दोष दुरुस्त करून पाठवलात तर त्याचं श्रेय तुमच्या खात्यावर नोंदलं जातं, आणि पुढचं काम देणारे ते बघतात. मराठी भाषांतरातही हातभार लावता येतो, तिथं माणसं हवीच आहेत.

पेढीच्या कामाला तारीख देताना मात्र दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यांचा दिवस कबूल करू नका. हंगाम सुरू होताना यार्डात कुणाला मान वर करायला वेळ नसतो, आणि नवा फॉर्म भरायला शिकणारा दिवाणजी तेव्हा तुमच्यावर वैतागणारच. उन्हाळ्यात आवक उतरली की त्यांच्या शेजारी बसा, त्यांच्याच फोनवरून नोंदी भरून घ्या, नको असलेले रकाने फॉर्ममधून लपवा. पावसाळाभर जुनी आणि नवी साइट दोन्ही चालू ठेवून आकडे ताडून बघा, आणि जुळले की मगच जुनी बंद करा.